काळजाचा कुत्रा थोर, की रेकॉर्डचा?

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

मी कागल तालुक्यातला. वय २४, पंचतारांकित एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. माझ्याकडं राणा नावाचा कुत्रा आहे, पिटबुलचा क्रॉस, तीन वर्षांचा. मामाचं बघून मलाही झुंजींचा नाद लागला. राणानं पहिली झुंज मारली. दुसऱ्या वेळी समोरचा कुत्रा वजनाला भारी निघाला. राणा बराच वेळ खाली सापडला होता, पण मागं सरला नाही. शेवटी मीच आत जाऊन उचलला. पैसे गेले तरी लोकांनी येऊन त्याच्या पाठीवर हात फिरवला. मामाचा सुलतान पाच झुंजी जिंकलाय, एकही हरलेला नाही. मामा म्हणतो, रेकॉर्ड बोलतं, बाकीच्या गप्पा. मी म्हणतो, सुलतान कधी खाली सापडलाच नाही, मग त्याचं काळीज बघितलंय कुणी? कट्ट्यावर रोज यावरून वाद चालतो. खरा थोर कुत्रा कोणता? सीमेपलीकडं या हंगामात एक झुंज ठरतीय, मामा म्हणतो राणाला पुन्हा उतरव, काय ते कळेल. तो पुढच्या उजव्या पायानं अजून लंगडतो. नेऊ का? शिवाय मामाला राणा त्याच्या कुत्रीवर लावायचाय, रक्त चांगलं आहे म्हणतो. ते करावं का?

— नाव छापू नये, कागल तालुका


प्रिय भावा,

नाव छापलेलं नाही. नेऊ का, याचं उत्तर आधी देऊन टाकतो: नको. या हंगामात नको आणि पुढच्याही नको. का, ते खाली येईल. तुझा मूळ प्रश्न मात्र मला टाळायचा नाही. ‘झुंजी वाईट, बंद कर’ एवढं दोन ओळींत लिहिलं असतं तर तू ते वाचून बाजूला टाकलं असतंस आणि संध्याकाळी परत कट्ट्यावर जाऊन बसला असतास. तुला खरोखर पडलेला प्रश्न आहे, तर त्यावरच बोलू.

हा वाद आपल्याकडं मुळात माणसांवरून चालतो. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीच्या दारात चहा घेत उभा राहा. एकजण अमक्यानं किती मैदानं मारली ते बोटावर मोजतो, आणि दुसरा म्हणतो, मारली असतील, पण तमका हरला तेव्हा काय लढला होता ते तू बघायला पाहिजे होतंस. या वादात मी कायम दुसऱ्याच्या बाजूचा. खाशाबा जाधवांचंच घे. गाव गोळेश्वर, कराडजवळचं, पण शिकले आपल्या राजाराम कॉलेजात. १९४८ ला लंडनला गेले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथं कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल हरवले. मग जपानच्या इशीबरोबर पंधरा मिनिटांहून जास्त चाललेली कुस्ती थोडक्यात गेली, आणि अंगातला घाम सुकायच्या आत सोव्हिएत संघाच्या मल्लापुढं उभं केलं. दोन कुस्त्यांत अर्धा तास विसावा द्यायचा नियम होता, पण तो बोलून दाखवायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. रेकॉर्ड काढून बघितलंस तर एवढंच दिसेल: बँटमवेट, कांस्य, तिसरा क्रमांक. पहिला आणि दुसरा कोण, हे कोल्हापुरात शंभर जणांना विचार. सांगणारा सापडला तर मला कळव.

म्हणजे माझं मत तुझ्या बाजूनं पडणार, असं तुला वाटलं असेल. थांब जरा.

आधी मामाच्या रेकॉर्डकडं बघू. पाच झुंजी, पाच विजय. पण कुणाबरोबर? किती वजनाचा, किती वयाचा, आधी किती वेळा फाटलेला? हे लिहून ठेवणारा कुणी नाही. तुझ्या राणापुढं भारी कुत्रा आला असं तू स्वतःच लिहिलंयस. मग त्या भारी कुत्र्याच्या खात्यावरसुद्धा आज एक विजय जमा आहे आणि त्याचा मालक कुठल्या तरी कट्ट्यावर हेच म्हणत असणार, रेकॉर्ड बोलतं. जोड लावणारा हुशार असला की कुत्रा हरत नाही. आपल्या मैदानांत मल्लांची जोड लावायला चार वस्ताद बसतात, पन्नास डोळे बघत असतात, चुकीची जोड लागली तर पब्लिक आरडाओरडा करून मैदान डोक्यावर घेतं. उसाच्या फडाआड रात्री दहा-वीस माणसांत लागलेल्या जोडीला कोण विचारतंय? त्यामुळं सुलतानचं रेकॉर्ड हे बऱ्याच अंशी मामाचं रेकॉर्ड आहे. मामा जोड लावण्यात तरबेज आहे, एवढं मी मान्य करतो.

आता तुझी बाजू. तुझा वाद नवा नाही. इंग्लंडात १८३५ ला कायद्यानं कुत्र्यांच्या झुंजी बंद झाल्या, तरी चोरून चालूच राहिल्या, आणि तिथून माणसांबरोबर आणि कुत्र्यांबरोबर अमेरिकेत गेल्या. तिथल्या झुंजवाल्यांतही हेच दोन तट. एकांनी विजय मोजायची रीत पाडली: तीन जिंकला की चॅम्पियन, एकही न हरता पाच जिंकला की ग्रँड चॅम्पियन. मामाचा हिशेब तोच आहे, त्याला माहीत असो वा नसो. दुसरा तट म्हणायचा, विजय नशिबाचा असतो, आम्हाला काळीज दाखवा. ते मोजायचीही त्यांची रीत होती. मातीत रेघ मारायची. झुंज मध्येच सोडवून कुत्रा रेघेमागं धरायचा आणि सोडायचा. दहाएक सेकंदांत तो रेघ ओलांडून समोरच्यावर गेला पाहिजे. पाय मोडलेला असो, रक्त जाऊन डोळ्यांपुढं अंधारी आलेली असो, रांगत का होईना, गेला की काळजाचा. हरलेल्या, त्या रेघेवर मेलेल्या कुत्र्यांचंही तिथं नाव निघायचं, त्यांची पिल्लं चढ्या भावानं जायची. आणि जो गेला नाही? त्याला बऱ्याचदा गोळी घातली जायची. हे मात्र कट्ट्यावर कुणी सांगत नाही. ज्याला दुखतंय हे कळत होतं तो मारला, ज्याला कळूनही थांबता येत नव्हतं तो ठेवला आणि त्याचीच पैदास केली. असं वर्षानुवर्षं चाललं. तू ज्याला काळीज म्हणतोस त्यातला निम्मा भाग असा निवडून निवडून बनवलेला आहे.

साधी कुत्री कशी भांडतात ते तू आळीत रोज बघतोस. दात कमी, आवाज जास्त. एकानं शेपूट पायात घातली, मान फिरवली, नाहीतर पाठीवर पडून पोट दाखवलं, की दुसरं चार पावलं ताठ चालतं, कुठं तरी पाय वर करतं आणि जातं. संपलं. ही भित्री जात नव्हे. भांडण कुठं थांबवायचं हे दोघांनाही कळतं, म्हणून दोघंही उद्याचा दिवस बघतात. झुंजीच्या रक्तात नेमकी हीच समज बोथट केलेली असते. समोरचा हरलो म्हणतोय हे याला ऐकू येत नाही, आणि आपण हरलो हे याला म्हणता येत नाही.

शिवाय त्या वेळी अंगात काय चाललेलं असतं ते सांगतो. माणसाला अपघातात जसं लगेच दुखत नाही, तसंच. अॅड्रेनलिन उसळतं, शरीर स्वतःचीच वेदनाशामकं सोडतं. काही कुत्री झुंजीत शेपूट हलवत असतात. त्यावरून बघणारा म्हणतो, बघ, त्याला मजा येतीय. तासा-दोन तासांनी सगळं उतरतं. तोवर बघणारे घरी जाऊन तांबडा-पांढरा ओरपत असतात, आणि कुत्रं पत्र्याच्या शेडमध्ये थरथरत पडलेलं असतं. तुझ्या पाहण्यातलं आहे हे, मला माहीत आहे.

माझ्याकडं अशी कुत्री दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी यायची. मालक सांगणार, रानडुकरानं मारलं. आता रानडुकराचा सुळा मांडीला किंवा पोटाला लांब चीर देतो. ही कुत्री तोंडावर, मानेवर, पुढच्या पायांवर बारीक भोकं घेऊन यायची. भोक बाहेरून मुगाच्या दाण्याएवढं. केस कातरून आत सळई सरकवली की ती बोटभर जाते, कारण धरून झटका दिला की कातडं खालच्या स्नायूपासून सुटतं आणि आत पिशवी तयार होते. त्या पिशवीत केस, माती, दुसऱ्या कुत्र्याची लाळ. वरून कुणीतरी हळद भरलेली असते, नाहीतर दाभणानं टाका घातलेला असतो. भोक बंद, घाण आत. तिसऱ्या दिवशी वास सुटतो. झुंजीत मेला असं ज्याच्याबद्दल सांगतात, त्यातली बरीचशी कुत्री झुंजीत मेलेली नसतात. ती नंतर, रक्त कमी पडून, शॉकनं, नाहीतर असल्या पुवानं मरतात, कारण दवाखान्यात नेलं तर विचारपूस होईल म्हणून मालक नेत नाही.

म्हणून आधी राणाचा पाय. लंगडणं अजून आहे म्हणजे सांध्यात पू असू शकतो, हाडाला इजा असू शकते, नाहीतर खांद्याकडून येणारी नस दुखावलेली असू शकते. सांधा गरम लागतो का, दुसऱ्या पायापेक्षा जाड दिसतो का, पंजा उलटा पडतो का, हे आज घरीच बघ आणि उद्या दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढ. डॉक्टरला खरं सांग. रानडुक्कर सांगितलंस तर तो भलतीकडं शोधत बसेल. आणि घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल काहीही देऊ नकोस. माणसाच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी जाते, लिव्हर जातं. लंगडणारा कुत्रा सुधारायच्या जागी उलट्या करून मेलेला मी बघितलाय. कुत्री सोडवताना तुझ्या हाताला दात लागले असतील, ओरखडासुद्धा, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची असते. त्या वेळी केलं नसशील तर आता कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात जाऊन विचार. उशीर झाला म्हणून लाजू नकोस.

परत वादाकडं येतो. खाशाबांच्या बाबतीत मी काळजाच्या बाजूचा आणि राणाच्या बाबतीत माझी जीभ का अडखळते?

मल्ल स्वतःच्या पायांनी आखाड्यात उतरतो. तारीख त्याला माहीत असते, समोर कोण आहे ते माहीत असतं, इनाम किती ते माहीत असतं. नको वाटलं तर तो जोड नाकारतो. लोक नावं ठेवतात, पण नाकारता येतं. हात मिळवून उतरतो, पाठ लागली की उठून हात मिळवून बाहेर येतो. बराच वेळ निकाल लागला नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि दोघांनाही टाळ्या पडतात. त्याचं काळीज मोठं असं आपण म्हणतो, कारण त्याला परत फिरायची वाट मोकळी होती आणि तरी तो फिरला नाही. राणाला वाट कुठली होती? दाराला तू, मागं तू, पुढं त्याच्यापेक्षा भारी जनावर. तू म्हणशील, मी दार उघडलं असतं तरी तो गेला नसता. खरं आहे. पण का गेला नसता? तू मागून त्याचं नाव घेत होतास म्हणून. तीन वर्षं ज्यानं खायला घातलं त्याचा आवाज पाठीमागून येत होता. काळीज राणाकडं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते झुंजीसाठी नव्हतं, तुझ्यासाठी होतं, आणि तू ते पैजेवर लावलंस. मला कडक बोलायचं नाही, पण दुसरा शब्द सापडेना.

तू स्वतःच आत जाऊन उचललास, हेही तूच लिहिलंयस. पैसे जाणार हे माहीत असून उचललास. त्या रात्री तिथं जमलेल्यांत ज्याच्यापुढं दोन वाटा होत्या असा एकटा तूच होतास, आणि तू बरी वाट धरलीस. काळजाची चर्चाच करायची असेल तर ती तिथं कर.

कुणी म्हणेल, आपल्या शहराला जनावरांच्या झुंजींचा इतिहासच आहे. आहे ना, लपवायचं कशाला? १९०२ च्या विलायतेच्या दौऱ्यात शाहू महाराजांनी रोमचं दगडी मैदान बघितलं, आणि १९१२ ला आपलं खासबाग कुस्ती मैदान उभं राहिलं. त्याच महाराजांच्या काळात इथं साठमारीही चालायची, जागेचं नाव अजून तेच आहे. पण साठमारीत चिडवलेल्या हत्तीपुढं माणूस स्वतः उभा राहायचा. चुकला तर तो चिरडला जायचा, दुसऱ्या कुणाचं जनावर नव्हे. मला तोही खेळ नको वाटतो, हत्तीनं काय घोडं मारलं होतं? तरी त्यात धाडस कुणाचं आणि अंग कुणाचं याचा घोळ नव्हता. कुत्र्यांच्या झुंजीत ईर्षा माणसाची आणि कान कुत्र्याचे फाटतात. साठमारी गेली, कुस्ती राहिली. कोल्हापूरचं त्यात काही कमी झालेलं नाही.

कायद्याचं थोडक्यात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या, १९६० च्या, ११ व्या कलमात करमणुकीसाठी जनावरं एकमेकांवर सोडणं हा गुन्हा आहे, आणि झुंजीला जागा देणं, ती चालवणं, तिथं बघायला येणाऱ्यांकडून तिकिटाचे पैसे घेणं हाही. मामा म्हणेल, दंड किती, पहिल्या खेपेला फार तर पन्नास रुपये. बरोबर आहे, तो दंड म्हणजे कायद्याची थट्टाच आहे. पण जनावर मेलं किंवा कायमचं जायबंदी झालं तर भारतीय न्याय संहितेचं ३२५ कलम लागू शकतं, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पैजेचा जुगार वेगळा. सीमेपलीकडं गेलात म्हणून सुटत नाही, हे दोन्ही कायदे कर्नाटकातही आहेत. आणि आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल. पोलिसांना साक्षीदार शोधावा लागत नाही, तुमच्यातलाच कुणीतरी स्टेटस ठेवतो. ‘बैलगाडा शर्यती सुरू झाल्या, मग आमचं काय?’ हाही प्रश्न कट्ट्यावर येत असणार. शर्यतींसाठी विधिमंडळानं कायद्यात दुरुस्ती केली, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये ती दुरुस्ती कायम केली. ती फक्त शर्यतीपुरती आहे. झुंजीला कुणीही सूट दिलेली नाही.

मग कुत्र्यातला थोर कोण, हे तुला अजून हवं असेल. पट्टणकोडोलीच्या यात्रेला जातोस ना? भंडारा अंगावर घेऊन परत येऊ नकोस, जरा मागं थांब आणि तिथं आलेल्या एखाद्या मेंढक्या धनगराला त्याच्या कुत्र्याबद्दल विचार. रात्री वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं आणि भोवती कुत्री. लांडग्याचा वास आला की ती उठतात, भुंकतात, अंगावर जातात, पण कळप सोडून लांब पळत नाहीत. लांडगा परत फिरला की तीही परत. पाठलाग करून लांडगा मारणारं कुत्रं धनगराला आवडत नाही, कारण ते तिकडं गेलं की इकडं दुसरा लांडगा मेंढरू उचलतो. अशा कुत्र्याचं रेकॉर्ड कसलं? सकाळी मेंढरं मोजली आणि पुरी भरली. काळीज कसलं? मारामारी टाळून रोज रात्री परत उभं राहायचं. म्हातारा धनगर अशा कुत्र्याबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. त्याच्या बोलण्यात तुझे दोन्ही तट येतात आणि त्याला त्यात भांडण दिसत नाही.

राणाचं आता काय, हे तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. एकदा झुंजलेला कुत्रा वाया गेला, त्याला माणसांतही ठेवू नये, असं पुष्कळ लोक म्हणतात. अमेरिकेत २००७ साली मायकेल व्हिक नावाच्या फुटबॉलपटूच्या व्हर्जिनियातल्या आवारातून पन्नासच्या आसपास झुंजीची कुत्री जप्त झाली. व्हिकला २३ महिन्यांची शिक्षा झाली. तोवर तिथली रीत अशी की जप्त केलेली झुंजीची कुत्री सरसकट मारून टाकायची. या वेळी एकेक कुत्रं तपासून बघितलं. स्वभावापायी मारावं लागलं असं एखाददुसरंच निघालं. सगळ्यात अवघड अशी २२ कुत्री युटामधल्या एका आश्रमात गेली, त्यातली कित्येक पुढं माणसांच्या घरांत पोरांबाळांबरोबर राहिली. म्हणजे राणा घरात राहू शकतो. पण दुसऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत त्याच्यावर आयुष्यभर विश्वास टाकू नकोस. बाहेर नेताना जाळीचा मुसका आणि दोरी हातात. दिवसभर साखळीला बांधून ठेवलास तर माज वाढतो. पहाटे लांब फिरव, पाय बरा झाला की पळव, ओढायला जुना टायर दे. आजूबाजूच्या लोकांना सांगून ठेव की याच्याजवळ आपलं कुत्रं आणू नका. आणि काही झालं तरी तो कुणाला देऊन टाकू नकोस. लंगडा झुंजीचा कुत्रा फुकट मागणारा माणूस त्याला नव्या कुत्र्यांच्या सरावासाठीच मागतो.

आता मामा. मामाशी वाद घालून तू जिंकणार नाहीस, आणि मामा आहे तो, त्याला कट्ट्यावर चारचौघांत खाली बघायला लावू नकोस. घरी जा, मामीच्या हातचा चहा घे, आणि सांग की पायाचा एक्स-रे काढलाय, डॉक्टरांनी कायमचं बंद सांगितलंय. माझ्या नावावर खपव. तो चिडेल, भित्रा म्हणेल, तुला आणि राणालाही. ऐकून घे. चार दिवसांनी त्याचा सुलतान कशानं तरी आजारी पडला तर तो पहिला फोन तुलाच करणार आहे, कारण एक्स-रे कुठं निघतो हे एव्हाना तुला माहीत झालेलं असेल.

शेवटचं, कुत्रीवर लावायचं. रक्त चांगलं आहे असं मामा म्हणतो. झुंजीतल्या कुत्र्यांच्या रक्तात बबेसिया गिब्सोनी नावाचा परजीवी बऱ्याचदा सापडतो. एरवी तो गोचिडीतून येतो, पण झुंजणाऱ्या कुत्र्यांत चाव्यातून, रक्ताला रक्त लागून पसरतो, आणि आईकडून पिल्लांतही उतरतो. कुत्रं धडधाकट दिसतं आणि आत तो दबा धरून असतो. मग कधी तरी हिरड्या पांढऱ्या पडतात, ताप येतो, लघवी चहासारखी होते, कुत्रं दोन जिन्यांत धापा टाकतं. तेव्हा राणाला लावू नकोस, उलट त्याची नसबंदी करून घे. नसबंदीनं झुंजायची खोड आपोआप जाईल या भ्रमात राहू नकोस, पण नको ती पैदास थांबेल आणि माजावर आलेल्या कुत्रीमागं दोर तोडून पळायचा तरी राहील. पायाचं निदान झाल्याशिवाय भूल द्यायची घाई नको. एक्स-रेला जाशील तेव्हाच रक्त दे, सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि बबेसियाची पीसीआर तपासणी सांग, नुसत्या काचपट्टीवर रक्त घेऊन बघितलं तर तो कधी कधी दिसत नाही. मामाला म्हणावं सुलतानचंही त्याच दिवशी देऊन टाक, पण दोन्ही कुत्री एका गाडीतून नेऊ नका.